ॲसायक्लोविर ८०० : गोळीला साडेचार स्टार, मलमाला एक, माझ्या अकलेला दोन

आधीच सांगते, औषधाचा रिव्ह्यू लिहायची ही माझी पहिलीच वेळ. लोक मिक्सरचा लिहितात, कूलरचा लिहितात (सोलापुरात कूलरचा खरा रिव्ह्यू लिहिणं म्हणजे पुण्यच आहे), गोळीचा कोण लिहितं. पण माझी आणि या गोळीची ओळख जरा जुनी आहे. लग्नाआधी मी पुण्यात एका लॅबमध्ये सात वर्षं टेक्निशियन होते आणि तिथं माझं काम काय, तर हर्पिसचे (ओठावर ताप फुटतो ना, त्याचे) विषाणू प्लेटमध्ये वाढवायचे, त्यांच्यावर हेच औषध घालायचं आणि औषधाने किती फरक पडला ते मोजायचं. म्हणजे हे औषध पांढरी पावडर असल्यापासून माझ्या ओळखीचं. पण ते पोटात गेल्यावर कसं वागतं हे कळायला पन्नाशी उलटावी लागली आणि कमरेला नागीण यावी लागली. आता मी जुळे सोलापुरात बारावीच्या पोरांना बायोलॉजी शिकवते, लॅबचा संबंध तेवढाच उरलाय.

झालं असं की यंदा संक्रांतीच्या आठवड्यात शेंगाच्या पोळ्या लाटत होते, तीस-चाळीस तरी करायच्या होत्या, आणि उजव्या कुशीत चमका मारायला लागल्या. वाटलं उभं राहून राहून भरलं असेल. बाम लावला. दुसऱ्या दिवशी चमक नाही, आग. गाऊनचं कापड लागलं तरी कुणी तापलेला उलथना टेकवल्यासारखं व्हायचं आणि वरून बघावं तर कातडीवर काहीच नाही, साधा डागसुद्धा नाही. ह्यांनी आपलं सांगितलं की गॅस असेल, ओवा खा. ओवा खाल्ला. तिसऱ्या दिवशी सकाळी आंघोळीला गेले तर बेंबीच्या उजव्या बाजूला लालसर चट्टा आणि त्यावर पाण्याचे थेंब शिंपडल्यासारखे बारीक फोड, सहा-सात, घोळक्याने. मागं हात फिरवला तर पाठीवर पण दोन घोळके.

आता बघा, सात वर्षं ज्या हर्पिस घराण्याच्या विषाणूंवर पोट भरलं त्यातल्याच या नागिणीला मी एका नजरेत ओळखायला पाहिजे होतं की नाही. ओळखलंच होतं हो, पण मनातल्या मनात म्हणत बसले, घामोळं असेल. जानेवारीत घामोळं! सोलापुरातसुद्धा जानेवारीत घामोळं येत नाही. पोळ्यांची ऑर्डर नणंदेकडे पोचवायची होती ना, म्हणून. या दिरंगाईबद्दल माझ्या अकलेचे दोन स्टार आत्ताच कापून ठेवा, तिसरा पुढं कापायचाय.

शेजारच्या अक्कांनी मात्र बघितल्याबरोबर सांगितलं, "सर्पसुत्तु आहे गं हे." त्यांच्या घरी कन्नड बोलतात, त्यांच्यात नागिणीला सर्पसुत्तु म्हणतात, म्हणजे वेटोळं घालणारा साप. लगेच वाटीत काव कालवून आणली आणि म्हणाल्या, तोंड न् शेपूट भेटायच्या आत लावायला पाहिजे, भेटले की माणूस संपला. ही भीती आपल्याकडे घरोघर आहे म्हणून सांगते, तोंड आणि शेपूट भेटतच नाहीत. लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या की तो विषाणू मणक्याशेजारच्या मज्जातंतूच्या गाठीत जाऊन झोपतो, वर्षानुवर्षं, आणि नंतर कधीतरी वय झालं, अंगातली ताकद उतरली की त्यातल्या एखाद्याच तंतूच्या वाटेने खाली कातडीवर येतो. त्या तंतूचा इलाका पाठीच्या मध्यापासून पोटाच्या मध्यापर्यंत, एकाच बाजूचा. पलीकडच्या बाजूला दुसऱ्या तंतूची हद्द. म्हणून अर्धाच पट्टा. अक्कांना हे सांगितलं तर म्हणाल्या, "हो का, बरं, पण काव लावून घे." मी म्हटलं अक्का, फोड फुटले तर त्यात माती जाईल, नको. रागावल्या. दोन दिवस बोलल्या नाहीत, तिसऱ्या दिवशी भाकरी आणि शेंगाची चटणी घेऊन आल्या.

मग मेडिकलचा किस्सा. दुकानाचं नाव लिहिणार नाही, रोजचं जाणं-येणं आहे. ह्यांना मोबाईलवर फोटो काढून दिला आणि म्हटलं दाखवून विचारा की डॉक्टर भेटेपर्यंत काय. काउंटरवरच्या पोराने फोटो बघितला, "नागीण आहे ओ काका, हे लावा दिवसातून पाच वेळा," म्हणून ५ टक्केवाली ॲसायक्लोविर क्रीमची ट्यूब दिली, इवलीशी, माझ्या करंगळीएवढी. हे खुशीत घरी आले, औषध मिळालं म्हणून. मी ट्यूब बघितली आणि कपाळाला हात लावला. औषध बरोबर, जागा चूक. अहो विषाणू बसलाय मज्जातंतूच्या मुळाशी, तिथून माल तयार होऊन खाली येतोय, आणि आपण कातडीवर लेप लावतोय. कातडीतून आत जातंच किती ते. ओठावर ताप फुटतो ना, त्याला हे क्रीम थोडंफार उपयोगी, ते पण अगदी सुरुवातीला लावलं तर अर्धा-एक दिवस आधी बरं वाटेल इतपतच. नागिणीला नाही. मलमाला एक स्टार का, तर शून्य देता येत नाही आणि बिचारं ज्या कामासाठी केलंय तिथं थोडं करतं. (डोळ्यात घालायचं ३ टक्क्याचं मलम येतं ते वेगळं, ते डोळ्याच्या हर्पिसला चांगलं लागू पडतं, त्याला कमी लेखायचं नाही. पण ते डोळ्याच्या डॉक्टरनेच द्यायचं.)

त्या दिवशी नेमका सिद्धेश्वरांच्या यात्रेतला अक्षता सोहळा. ज्यांना सोलापूर माहीत आहे त्यांना वेगळं सांगायला नको, नंदीध्वज निघाले की गावातले रस्ते रस्ते राहत नाहीत, पांढऱ्या बाराबंदीचा पूर वाहतो. एरवी मी स्वतः हात जोडून कडेला उभी असते. पण त्या दिवशी स्किनच्या डॉक्टरांचा दवाखाना त्या बाजूला, अर्धा दिवस बंद, आणि माझ्या डोक्यात एकच आकडा, ७२ तास. फोड आल्यापासून ७२ तासांच्या आत गोळी सुरू व्हायला पाहिजे. कमरेला आग, बाहेर हलग्या, आणि मी सोफ्यावर आडवी पडून तास मोजतेय. शेवटी दुसऱ्या दिवशी सकाळी नंबर लागला. फोड दिसल्यापासून साधारण २६ तास झाले होते. डॉक्टरांनी दोन मिनिटांत बघितलं, किडनीचा काही त्रास आहे का विचारलं, मागचे रिपोर्ट बघितले आणि लिहून दिलं.

७२ तासांचं एवढं काय घेऊन बसलीय ही बाई, असं वाटेल. त्यासाठी ती प्लेट सांगायला पाहिजे.

आमच्याकडे २४ खड्ड्यांची प्लास्टिकची प्लेट असायची, तळहाताएवढी, इडलीपात्राची चुलत बहीण समजा. प्रत्येक खड्ड्याच्या तळाला जिवंत पेशींचा एकच थर, एकाला एक चिकटून, फरशी बसवल्यासारखा. वेरो नावाच्या पेशी. आफ्रिकेतल्या हिरव्या माकडाच्या मूत्रपिंडातून १९६२ मध्ये जपानमध्ये काढल्या, ते माकड कधीचं गेलं पण त्याच्या पेशी अजून जगभरच्या लॅबमध्ये वाढतायत. वर गुलाबी पाणी, ते त्यांचं खाणं. मग त्यात मोजून विषाणू सोडायचे, तासभर थांबायचं, आणि वर मिथाइलसेल्युलोजचं घट्ट पाणी ओतायचं. हे अगदी सायझिंगमध्ये सुताला लावतात त्या खळीसारखं असतं, माझे वडील सायझिंगमध्ये होते त्यामुळे मला तो चिकटपणा बोटांनी माहीत. खळ कशाला, तर विषाणू पाण्यातून पोहत लांब जाऊ नये, पेशी फोडून बाहेर पडला की फक्त शेजारच्या पेशीत घुसावा. याच खळीत औषध मिसळायचं, पहिल्या रांगेत शून्य, पुढं दुप्पट दुप्पट वाढवत.

मग ३७ डिग्रीला दोन-तीन दिवस कपाटात ठेवायचं आणि हात बांधून बसायचं. नंतर फॉर्मलिन, मग क्रिस्टल व्हायोलेट. नळाखाली हलक्या हाताने धुवून प्लेट उजेडाच्या पेटीवर ठेवली की जे दिसायचं ना, ते मला अजून आवडतं. जिवंत पेशी सगळ्या जांभळ्या, आणि जिथं विषाणूने पेशी खाल्ल्या तिथं पांढरं भोक. नव्या जांभळ्या चादरीला कसर लागल्यासारखं. औषध नाही त्या खड्ड्यात साठ भोकं, पुढच्यात पन्नास, मग तीस, मग चार, मग एकही नाही, सलग जांभळं. जिथं साठाची तीस झाली तो औषधाचा आकडा लिहायचा. पेनने तळाला एकेक भोकावर टिंब देत मोजायचं म्हणजे दोनदा मोजलं जात नाही. दिवसाला दहा-बारा प्लेट मोजल्या की डोळे मिटले तरी पांढरे ठिपके दिसायचे. भोकं मोजायची ही पद्धत प्राण्यांच्या विषाणूंसाठी रेनाटो डल्बेको यांनी १९५२ मध्ये काढली आणि आम्ही थोड्याफार फरकाने तेच करत होतो, टिंबंसुद्धा तशीच देत असतील कदाचित.

आणि दर प्लेटमध्ये एक खड्डा असा ठेवायचो की विषाणू नाहीच, फक्त पेशी आणि भरपूर औषध. तो कायम सलग जांभळा. औषधाने पेशींना काही होत नाही हे दाखवायला. या औषधाची खरी करामत मला त्या खड्ड्यात दिसायची. पेशीचं काही बिघडत नाही आणि विषाणूचं दुकान बंद, हे जमतं कसं?

जमतं असं. ॲसायक्लोविर म्हणजे डीएनएच्या एका मण्याची नक्कल, ग्वानोसिनची. पण नुसती नक्कल पेशीत जाऊन काही करत नाही, तिला आधी फॉस्फेटचा शिक्का बसावा लागतो. आपल्या पेशीला तो पहिला शिक्का मारायला नीट जमत नाही. हर्पिसचा विषाणू मात्र स्वतःचं शिक्क्याचं मशीन बरोबर घेऊन येतो, थायमिडिन कायनेज म्हणतात त्याला, आणि तो बिनधास्त शिक्का मारून मोकळा होतो. पुढचे दोन शिक्के आपली पेशीच मारते. म्हणजे विष तयार करायचं काम विषाणूच सुरू करतो, आणि ते होतं पण जिथं तो शिरलाय त्या पेशीतच. लागण झालेल्या पेशीत हे तयार झालेलं औषध निरोगी पेशीपेक्षा ४० ते १०० पट जास्त साठतं. मग विषाणू आपला डीएनए विणायला बसतो, एकेक मणी जोडत जातो, मध्येच हा नकली मणी जोडतो आणि अडकतो, कारण या मण्याला पुढचं टोकच ठेवलेलं नाही. मागवाल्यांना सांगायचं तर धागा तुटलाय आणि गाठ मारायला टोक सापडत नाही अशी अवस्था. माग थांबला.

हे डोकं गर्ट्रूड एलियन या बाईंचं आणि त्यांच्या बरोबरच्या लोकांचं, अमेरिकेत बरोज वेलकम कंपनीत, सत्तरच्या दशकात. बाईंना १९८८ चं नोबेल मिळालं, आणि पीएचडी नव्हती त्यांच्याकडे. मुलगी म्हणून सुरुवातीला कुणी लॅबमध्ये घेईना तर त्यांनी शाळेत केमिस्ट्री-फिजिक्स शिकवलं काही काळ. हे मी दरवर्षी पोरांना सांगते. दरवर्षी एक तरी पोरगा विचारतो, "मॅडम, हे परीक्षेला येतंय का?" नाही येत बाबा.

एकदा आमच्याकडे एका पेशंटचं सॅम्पल आलं होतं, प्रतिकारशक्ती पार खालावलेला पेशंट, महिनोन्महिने हेच औषध चालू आणि जखमा भरत नव्हत्या. प्लेट धुतली तर सगळ्या रांगा सारख्याच. शून्य औषधाला जेवढी भोकं तेवढीच वीस मायक्रोग्रॅमला. साध्या हर्पिसला मिलिलिटरमागे २ मायक्रोग्रॅमच्या आत काम व्हायला पाहिजे असा आमचा हिशोब, आणि इथं वीसला ढिम्म. मला वाटलं माझंच चुकलं, औषध घालायचं विसरले. घामच फुटला. लॅबच्या सरांना न सांगता रात्री परत लावली, तीन दिवसांनी परत तेच. तर त्या विषाणूने शिक्क्याचं मशीनच टाकून दिलं होतं. मशीन नाही तर शिक्का नाही, शिक्का नाही तर औषध म्हणजे नुसती पावडर. औषधाला दाद न देणारे जे हर्पिस सापडतात त्यातले बहुतेक, शंभरात पंच्याण्णव म्हणा, असेच असतात. अशा वेळी फॉस्कार्नेट देतात, त्याला शिक्का लागत नाही, पण ते शिरेतून द्यायचं आणि किडनीला जड. धडधाकट माणसात असा विषाणू सापडणं फार क्वचित, शंभरात एकसुद्धा नाही, त्यामुळे चार गोळ्या खाऊन "मला लागूच पडत नाही" म्हणणाऱ्यांनी जरा थांबा. बहुतेक वेळा गोळी उशिरा सुरू झालेली असते.

आणि तेच मला सांगायचं होतं. सरांनी एकदा आमच्याकडून एक गंमत करून घेतली. एकाच प्लेटमध्ये एका रांगेत विषाणूबरोबर लगेच औषध, दुसऱ्या रांगेत काही तासांनी, तिसऱ्या रांगेत दुसऱ्या दिवशी, चौथीत त्याच्याही नंतर. औषध तेच, माप तेच. पहिली रांग स्वच्छ जांभळी. चौथ्या रांगेत भोकं पडलेली ती पडलेलीच, औषधाने फक्त ती आणखी पसरली नाहीत. हे औषध विषाणूला मारत नाही, त्याची नक्कल काढणं थांबवतं. जे आधीच विणून झालंय ते उसवायची ताकद त्यात नाही. झोपलेल्या विषाणूला तर ते हातसुद्धा लावत नाही, कारण तो काही विणतच नाहीये, त्यामुळे कायमचं बरं वगैरे विसरा.

नागिणीचा विषाणू तर आमच्या लॅबमध्ये सगळ्यांच्या नावडीचा. साधा हर्पिस पेशी फोडून पाण्यात येतो, उचला, मोजा, ठेवा. हा घरकोंबडा. पेशी सोडून बाहेरच येत नाही, त्यामुळे पाणी नाही, पेशींसकट उचलावा लागतो, माकडाच्या पेशींवर रमत नाही, माणसाच्या लागतात, आणि भोकं दिसायला पाच-सहा दिवस. शिवाय औषध पण जास्त लागतं त्याला. तुमच्या चिठ्ठीवर ओठाच्या नाहीतर खालच्या हर्पिसला २०० मिलिग्रॅमची गोळी आणि नागिणीला ८०० ची, ती या प्लेटवरच्या फरकातून आलेली आहे. मेडिकलवाला "८०० संपलीय, २०० घेऊन जा, तीच असते" म्हणाला तर ऐकू नका. चार घेतल्या तर गोष्ट वेगळी.

बरं, आता गोळीवर येते. ८०० ची गोळी दिवसातून पाच वेळा, सात दिवस, म्हणजे ३५ गोळ्या. सकाळी ६, १०, दुपारी २, संध्याकाळी ६, रात्री १०. गोळी मोठी, पांढरी, खडूच्या तुकड्यासारखी, घशात अडकते की काय वाटतं पण जाते. चव काही विशेष नाही. अंगात तिचा जोर फार टिकत नाही, तीन तासांत रक्तातलं निम्मं औषध किडनीवाटे बाहेर, आणि पोटातून रक्तात जातंच मुळी पाचवा हिस्सा नाहीतर त्याहून कमी. म्हणून ही पाच वेळांची कटकट. पाणी भरपूर प्यायचं, नाहीतर औषधाचे खडे किडनीत अडकू शकतात, हे मला माहीत होतं तरी डॉक्टरांनी तीनदा बजावलं. मी गॅसच्या ओट्यावर तांब्या भरून ठेवायचे, गोळीमागे एक तांब्या. थंडीत. बाथरूमच्या खेपा विचारू नका.

पहिले दोन दिवस काहीच फरक नाही, उलट नवे फोड आले, आणि हे म्हणायला लागले की गोळी बदलून घेऊ. चौथ्या दिवशी नवीन फोड यायचे थांबले. जुने गढूळ झाले, मग खपली धरायला लागले. सहाव्या दिवशी पाठीवरचे सगळे वाळले. मी आरशात बघून बघून पेनने टिंबं द्यायचंच काय ते बाकी ठेवलं होतं. थोडी मळमळ झाली, दोन दिवस डोकं जड होतं, बाकी त्रास नाही. चाळीस वर्षांवर बाजारात असलेलं औषध आहे, १९८२ मध्ये अमेरिकेत पहिल्यांदा मलम म्हणून मंजूर झालं, आणि अजून असं काम करतं, याला मी साडेचार देते. अर्धा कापला तो पाच वेळांसाठी.

आणि आता माझ्या अकलेचा तिसरा स्टार. डॉक्टरांनी मला सरळ विचारलं होतं, व्हॅलासायक्लोविर देऊ का, १ ग्रॅमची, दिवसातून तीनच वेळा. ते म्हणजे हेच औषध, फक्त व्हॅलिन नावाचं शेपूट जोडलेलं, पोटातून चटकन आत जातं, आत गेल्यावर शेपूट गळून पडतं आणि उरतं ते आपलं जुनंच. निम्म्याहून जास्त रक्तात पोचतं. किंमत जास्त, एवढंच. आणि मी काय म्हणाले, तर नको डॉक्टर, मी या गोळीला ओळखते. जुन्या ओळखीपायी! तिसऱ्या दिवशी दुपारी २ ची गोळी झोपेत गेली, साडेचारला दचकून जागी झाले. पाचव्या दिवशी रात्री १० ची घेतली की नाही आठवेना, स्ट्रिप उलटीसुलटी करून मोजत बसले. नोकरीवाल्यांना, विसराळू लोकांना, घरात एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना मी सांगेन, परवडत असेल तर तीनवालीच मागा. आमच्या नणंदेच्या सासऱ्यांना मागच्या वर्षी झालेली तेव्हा त्यांनी पाचवाली "सकाळी तीन, रात्री दोन" अशी घेतली होती, हिशोब बरोबर जमवला म्हणून खूश होते. तसं चालत नाही ओ. ज्यांना किडनीचा त्रास आहे त्यांचं माप वेगळं असतं, त्यांनी तर डॉक्टरशिवाय हातच लावायचा नाही, आणि डोळ्याजवळ किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड दिसले तर रिव्ह्यू वाचत बसू नका, त्याच दिवशी डोळ्याच्या डॉक्टरकडे जा.

गोळीने एक गोष्ट केली नाही तीही लिहिते. दुखणं. फोड गेले, खपल्या पडल्या, डाग राहिले, आणि आग पुढं पाच-सहा आठवडे होती. रात्री जास्त. त्यासाठी प्रीगाबालिनची वेगळी गोळी चालू होती, ती घेतली की सकाळी पेंग. डॉक्टर प्रामाणिक होते, पहिल्याच दिवशी म्हणाले होते की ॲसायक्लोविरने फोड लवकर आटोपतील, पण मागं दुखणं राहणारच नाही अशी खात्री मी देत नाही. म्हणून यासाठी मी स्टार कापत नाही. तंतू जो सोलून निघाला तो निघालाच, चौथ्या रांगेसारखा. नागिणीची लस आता भारतात मिळते, २०२३ पासून, पन्नाशीच्या पुढच्यांना, दोन डोस. महाग आहे. ह्यांना देणार आहे, मला थोडं थांबून घ्यायला सांगितलंय.

क्लास दहा दिवस बंद ठेवला. नागिणीपासून दुसऱ्याला नागीण होत नाही, पण ज्याला कांजिण्या झालेल्या नाहीत त्याला फोडातल्या पाण्यातून कांजिण्या होऊ शकतात, आणि समोरच्या घरातली सून सात महिन्यांची गरोदर, म्हणून खपल्या धरेपर्यंत मी घराबाहेर पडले नाही, पट्टा सुती कापडाने झाकलेला. पोरांचे मेसेज, "मॅडम क्लास कधी चालू करूलालाय?" त्यातला एक जण आईबरोबर डबा घेऊन आला, दारातूनच परत पाठवला. हुरड्याला पण जायचं राहिलं यंदा.

मेडिकल दुकानाला किती द्यायचे ठरत नाही. गोळ्या नंतर त्यांनीच आणून दिल्या, ८०० च्या सगळ्या एकाच बॅचच्या, पाऊस-पाणी नाही तरी पोरगा सायकलवर घरपोच आला, त्याचे तीन. ट्यूब परत घ्यायला नाही म्हणाले, फोडलेली नव्हती, बिल पण होतं, तरी नाही, "क्रीम परत घेत नाही ओ मॅडम." त्याचा एक कापला, राहिले दोन. ती ट्यूब अजून फ्रीजच्या दारात आहे, शेंगाच्या चटणीच्या बरणीशेजारी, परवा ह्यांनी टूथपेस्ट समजून उचलली होती.